कोणत्या रमाबाई?

परवा दुपारी नातीने मोबाईलवर एक पॉडकास्ट पाठवला. "आजी, तुझ्या विषयातलं आहे, ऐक आणि सांग," असा निरोप होता. पॉडकास्ट म्हणजे आमच्या वेळच्या आकाशवाणीवरच्या गप्पांसारखंच प्रकरण. फक्त वेळ आपल्या सोयीची आणि बोलणाऱ्यांना घड्याळाची भीती नाही. दोन तरुण मुलं जुन्या काळातल्या कर्तबगार बायकांबद्दल बोलत होती. मुलं मनापासून बोलत होती, आवाजात आदर होता. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसले.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग रमाबाई आल्या. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं, त्यांनी शिकवलं, घरातल्या बायकांनी छळलं. इथपर्यंत ठीक. मग रमाबाई इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, अमेरिकेत जाऊन पुस्तक लिहिलं आणि परत येऊन केडगावला मोठा आश्रम काढला. "नवऱ्याने किती पाठिंबा दिला बघ ना त्या काळात!" असं एकजण म्हणाला आणि दुसरा "खरंच" म्हणाला.

चहा गार झाला माझा.

नातीला फोन लावला. "अगं, या दोन वेगळ्या बायका आहेत!"

"दोन? मला वाटलं एकच. ती सिरियलमधली ना?"

सिरियलमधली म्हणजे २०१२ साली लागलेली 'उंच माझा झोका'. ती आम्ही दोघींनी मिळून पाहिली होती, तेव्हा ती शाळेत होती. तिला रमाबाई म्हणजे परकर-पोलक्यातली ती छोटी मुलगी एवढंच आठवतं. तिचंही काय चुकलं म्हणा. रमाबाई हे नाव आपल्या इतिहासात इतक्या जणींचं आहे की सत्तरी ओलांडलेल्या इतिहासाच्या बाईंचीही फजिती होते. माझी झालेली आहे. ती गोष्ट पुढे सांगते, कारण खरं म्हणजे तीच सांगायची आहे. आधी या रमाबाईंना एकेकीला वेगळं करून ओळीने बसवू.

पहिल्या पेशव्यांच्या रमाबाई. थोरल्या माधवरावांच्या पत्नी. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरला क्षयाने वारले, वय अवघं सत्तावीस. त्यांच्यामागे रमाबाई सती गेल्या. आमच्या पिढीला या रमाबाई भेटल्या त्या रणजित देसाईंच्या 'स्वामी'तून. १९६२ साली कादंबरी आली आणि पुढे कितीतरी वर्षं घरोघरी वाचली गेली. वाचनालयात माझा नंबर लागेपर्यंत पुस्तकाची पानं सुटी झाली होती. थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला गेलेल्यांनी नदीकाठचं त्यांचं वृंदावन पाहिलं असेल.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८५८ सालचा जन्म, घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचे बोल खावे लागले. मग मुलीलाही संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले आणि रमा व तिचा भाऊ श्रीनिवास पायी देश फिरत, पुराणं सांगत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, लग्न केलं. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. १८८२ च्या सुरुवातीला पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षी कडेवर तान्ही मुलगी घेऊन ही विधवा पुण्याला आली.

तिसऱ्या रमाबाई रानडे. १८६२ सालचा जन्म, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी. माहेरचं नाव यमुना. १८७३ साली महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर ते विधवेशीच लग्न करणार, असं सगळ्यांना वाटत होतं. वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तो डाग त्यांना जन्मभर लोकांनी पुसू दिला नाही. पण लग्न झाल्यावर त्यांनी तिला शिकवायला घेतलं, ते मात्र मनापासून.

चौथ्या रमाबाई आंबेडकर, म्हणजे रमाई. दापोलीजवळच्या वणंद गावच्या. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लहानपणीच गेले. मुंबईला भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री, भीमराव आंबेडकरांशी त्यांचं लग्न लागलं. नवरामुलगा शाळेत शिकत होता. पुढे नवरा अमेरिकेला, मग लंडनला, आणि मागे घर चालवणारी ही. पाच मुलं झाली, एकटे यशवंत जगले. चार मुलं गेली. हे वाक्य आपण वर्गात किती पटकन वाचून पुढे जातो! २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्या गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला मोठा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. ते त्यांना रामू म्हणत.

आता नाव एकच का, याचा थोडा विचार. रमा म्हणजे लक्ष्मी. माधव या नावाचाच एक अर्थ 'मा'चा, म्हणजे लक्ष्मीचा, धव म्हणजे पती. माधवाची बायको रमा, हे आपल्याकडे नारायणाची लक्ष्मी किंवा शंकराची पार्वती यासारखं ठरूनच गेलेलं. पेशव्यांचे माधवराव, त्यांच्या रमाबाई. रानड्यांचं नाव महादेव खरं, पण त्यांनाही माधवराव म्हणत. यमुनेची रमा झाली ती त्यामुळेच असावी असं मला आपलं वाटतं.

नाव कसं बदलायचे ते नव्या मुलींना माहीत नसेल. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचं. मग ते सगळ्यांना सांगायचं, पेढे वाटायचे, तांदूळ परत डब्यात. माझंही असंच झालं. माझ्या बी.ए.च्या प्रमाणपत्रावर एक नाव आहे आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर दुसरं. ही दोन्ही माणसं एकच आहेत, हे सांगणारं प्रतिज्ञापत्र मी तीनदा केलंय. पुरुषांना असं प्रतिज्ञापत्र करावं लागलेलं मी तरी पाहिलं नाही. म्हणजे गंमत अशी की दोन वेगळ्या रमाबाई लोकांना एक वाटतात, आणि माझ्यासारखी एक बाई कचेरीत दोन ठरते. दोन्हीकडे घोटाळा नावाचाच, आणि दोन्हीकडे भोगणारी बाईच.

यमुनेची रमा झालेल्या रमाबाईंनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिलं. त्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या रानड्यांना 'स्वतः' म्हणतात. स्वतः आले, स्वतः म्हणाले. पहिल्यांदा वाचताना घोटाळा होतो, मग सवय होते. मला ते पुस्तक फार आवडतं. पण त्या 'स्वतः'शी मी दरवेळी थांबते. माहेरचं नाव तांदळात गेलं, नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, आणि पुस्तकात 'स्वतः' म्हणजे दुसराच कोणीतरी!

पॉडकास्टमधल्या मुलांची चूक कुठे झाली असेल तेही सांगते, कारण ती अगदीच हवेतली नाही. १८८२ साली पुण्यात या दोन रमाबाई खरोखरच एकत्र होत्या. पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी आर्य महिला समाज काढला. रानडे आणि त्यांची मंडळी पाठीशी होती. रमाबाई रानडे वीस वर्षांच्या, सभांना जाऊ लागल्या. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच खपत नव्हतं. पंडिताबाईंच्या नादी लागून सून बिघडणार, ही भीती. त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. एका नावाच्या दोन तरुण मुली, एक विधवा आणि एक सौभाग्यवती, एकाच सभेत बसलेल्या. एकीला संस्कृत तोंडपाठ, दुसरी लग्नानंतर अक्षर गिरवून शिकलेली. मला त्या सभेत मागे सतरंजीवर बसायला फार आवडलं असतं.

मग वाटा फुटल्या. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होती. पुढे १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. पाहिलंत ना, इथेही नाव बदललं, आणि आता आनंदीबाई किती झाल्या ते तुम्हीच मोजा. पेशव्यांच्या एक, जोशांच्या एक, कर्व्यांच्या एक.

१८९३ मध्येच शारदासदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला, 'केसरी'ने झोड उठवली, आणि सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. ज्या नवऱ्याने 'किती पाठिंबा दिला' असं मुलं म्हणत होती, ते रानडे या रमाबाईंना शेवटी सोडून गेले होते. दोघींना एक करून टाकलं की हा सगळा ताण नाहीसा होतो. मग गोष्ट गुळगुळीत होते. एक चांगला नवरा, एक हुशार बायको, आणि सगळं सुरळीत. प्रत्यक्षात एक बाई नवऱ्याच्या सावलीत वाढली आणि दुसरी सावलीच नसलेल्या माळावर एकटी उभी राहिली. माळावर हे मी उगाच म्हणत नाही. केडगावला त्यांनी 'मुक्ती' वसवलं ते माळरानावरच. दुष्काळातल्या शेकडो बायका-मुली त्यांनी तिथे आणल्या, जेवू घातलं, शिकवलं, छापखाना चालवला. बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं. इथे 'स्वतः' म्हणजे खरोखर स्वतः. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ मध्ये त्या गेल्या.

रमाबाई रानड्यांचं मोठं काम सुरू झालं ते १९०१ मध्ये रानडे गेल्यानंतर. १९०९ साली पुण्याचं सेवासदन. बायकांचं शिक्षण, नर्सचं शिक्षण. नर्स होणं म्हणजे परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं, अशा काळात त्यांनी चांगल्या घरच्या विधवांना त्या कामाला उभं केलं. बायकांच्या मताधिकारासाठी झटल्या. १९२४ मध्ये गेल्या. त्यांनाही नुसतं 'रानड्यांनी शिकवलेली बायको' म्हणणं हा अन्यायच.

पुणे-दौंड गाडीने मी पुष्कळ वर्षं माहेरी जात असे. लोणी स्टेशन आलं की थेऊर जवळ आहे हे आठवायचं. मग उरुळी, यवत, आणि केडगाव. साध्या गाडीने तासाभराचंही अंतर नाही. थेऊरच्या रमाबाई १७७२ साली विधवा झाल्या आणि त्याच दिवशी संपल्या. केडगावच्या रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या आणि पुढे चाळीस वर्षं त्यांनी शेकडो विधवांना जगवलं. मधे एकशे दहा वर्षं. इतिहास शिकवताना 'स्त्रियांच्या स्थितीत झालेला बदल' असा मुद्दा मी फळ्यावर लिहायचे, तेव्हा ही दोन स्टेशनं सांगायला हवी होती. कधी सुचलं नाही.

आता माझी गोष्ट.

१९८६ च्या सुमाराची. नववीचा वर्ग. समाजसुधारकांचा पाठ झाला होता. सहामाही परीक्षेत मी प्रश्न काढला, 'रमाबाईंच्या कार्याची माहिती लिहा', गुण पाच. मला पंडिता रमाबाई अभिप्रेत होत्या. वर्गातही त्याच झाल्या होत्या. घाईत आडनाव, पदवी, काहीच लिहिलं नाही.

एका मुलीने रमाई आंबेडकरांवर दीड पान लिहिलं होतं. पुस्तकातलं नव्हतं, तिच्या आजीकडून ऐकलेलं होतं. साहेब परदेशी असताना रमाईने शेणाच्या गोवऱ्या थापून घर चालवलं, उपाशी राहिली पण साहेबांना कळवलं नाही, पंढरपूरला जायची तिची इच्छा राहून गेली. अक्षर वळणदार होतं. शेवटी तिने लिहिलं होतं की हेच तिचं कार्य आहे.

मी लाल शाईने आडवी रेघ मारली. पाचपैकी शून्य. बाजूला लिहिलं, 'प्रश्न नीट वाचा.'

पेपर वाटले तेव्हा ती टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "बाई, प्रश्नात नुसतं रमाबाई लिहिलंय."

खरं होतं. पण समोर पन्नास मुलं बसलेली आणि मी तेव्हा कडक बाई म्हणून प्रसिद्ध होते. मी म्हणाले, "धड्यात कोणत्या रमाबाई आहेत ते समजत नाही का? आणि कार्य विचारलंय, घरकाम नाही." वर्ग हसला. ती जागेवर जाऊन बसली. ती पुन्हा काही विचारायला आली नाही, दहावी झाली, शाळा सोडून गेली.

मला तेव्हा वाईटही वाटलं नव्हतं, हे कबूल करते. वाईट वाटलं ते १९९७ साली. ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत वर्तमानपत्र उघडं होतं. मथळ्यात नुसतं 'रमाबाई नगर'. एका सहकाऱ्यांनी विचारलं, "ही रानड्यांच्या बाईंच्या नावाची वस्ती का हो?" मी इतिहासाची, म्हणून मला विचारलं. मी "नाही, आंबेडकरांच्या" असं म्हणाले आणि पुढचं वाक्य घशातच राहिलं. ती मुलगी टेबलाशी उभी असलेली दिसली. माझ्या मनात रमाबाई म्हटलं की एक बाई उभी राहायची, तिच्या घरात दुसरी. तिच्या घरातल्या रमाबाईंच्या नावाने वस्ती उभी राहते, त्या नावाखाली माणसं राहतात आणि मरतात, आणि माझ्या धड्यात त्यांना जागाच नव्हती. प्रश्न मला नीट लिहिता आला नव्हता, आणि 'प्रश्न नीट वाचा' असा शेरा मी तिला दिला होता.

आणि 'घरकाम'! चार मुलं गमावून, उपासमारीत घर उभं ठेवणं हे कार्य नव्हे, असं मी एका बाईने, पन्नास मुलांसमोर, दुसऱ्या होऊ घातलेल्या बाईला सांगितलं. घरचं सगळं आवरून शाळेत येणाऱ्या मला हे कळायला हवं होतं.

म्हणून त्या पॉडकास्टमधल्या मुलांवर मला फार रागावता आलं नाही. त्यांनी दोघींना जोडून एक केलं. मी एकीला धरून बाकीच्या खोडल्या. माझी चूक जास्त मोठी, कारण माझ्या हातात लाल पेन होतं.

नातीला मी आता एक कागद लिहून पाठवलाय. चार ओळी, चार पूर्ण नावं, गाव, साल. तिने तो त्या मुलांना पाठवते म्हणून सांगितलंय. पाहू काय उत्तर येतं ते. त्यात रमाबाई रानड्यांच्या ओळीत मी 'माहेरच्या यमुना कुर्लेकर' असंही लिहिलं. नातीने विचारलं, "आजी, तुझं माहेरचं नाव काय होतं गं?" तिला माहीतच नव्हतं! सांगितलं. दोनदा म्हणून पाहिलं तिने. बरं वाटलं ऐकायला.

ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढे असेल. लग्नात तिचंही नाव बदललं असेल, म्हणजे शोधायची म्हटलं तरी कोणत्या नावाने शोधू? हे वाचून कोणाला आपल्या आईने, मावशीने अशी एखादी पाचपैकी शून्याची गोष्ट सांगितल्याचं आठवलं, तर तिला एवढंच सांगा की उत्तर बरोबर होतं.